भूतानची पहिली कौटुंबिक सहल : सहा रात्री, तीन खोरी

भूतानच्या नकाशावरची अंतरे फसवतात. राजधानी थिंफूहून पुनाखा जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे दीड तासाचा रस्ता. तिथे त्याला अडीच ते तीन तास लागतात. मध्ये तीन हजार मीटरवरची एक खिंड आहे आणि सरळ रस्ता म्हणावा असा तुकडा फारसा लागत नाही. म्हणून पहिली सहल आखताना किलोमीटर विसरा आणि ताशी तीस किलोमीटरचा हिशेब धरा. हा हिशेब न केल्यामुळेच बहुतेक कुटुंबे सहा दिवसांत पाच गावे कोंबतात. मग मुलांना भूतान म्हणजे गाडीची मागची सीट आणि उलटीची पिशवी एवढेच आठवते.

लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर पहिल्या खेपेला थिंफू, पुनाखा आणि पारो ही तीनच खोरी घ्या. बुमथांग सुंदर आहे, पण थिंफूहून तिथे पोचायला अख्खा दिवस जातो आणि परतायला दुसरा. काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी प्रसिद्ध असलेले फोबजिखाही पुढच्या खेपेला ठेवा.

कधी जायचे

शाळेच्या सुट्ट्या पाहिल्या तर आपल्यापुढे दिवाळी आणि मे असे दोनच पर्याय उरतात. त्यांत दिवाळी सरस. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर आकाश स्वच्छ असते आणि सकाळी हिमशिखरे दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. दुपारी थिंफूत ऊन अंगाला बरे वाटते, पण सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात स्वेटरवर जाकीट चढवावे लागते. मेमध्ये झाडे हिरवीगार असतात आणि थंडी कमी असते, पण महिना सरता सरता ढग दाटू लागतात. मग खिंडीतून समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. जून ते ऑगस्ट हा काळ मुलांबरोबर टाळाच. सीमेवरच्या फुन्शोलिंगहून वर येणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि विमानेही ढगांमुळे रखडतात.

दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालमधून पर्यटकांचा मोठा लोंढा भूतानकडे जातो. सीमेवर रांगा लागतात आणि हॉटेलांचे दर चढतात. भाऊबीज झाल्यावर निघालात तर हवा तीच मिळते आणि गर्दी कमी असते. थिंफूचा त्सेचू शरद ऋतूत आणि पारोचा वसंतात असतो. या उत्सवात मुखवटा-नृत्ये पाहायची असतील तर हॉटेल चार महिने आधी पक्के करा. नाचात रस नसेल तर त्या तारखा मुद्दाम चुकवा, कारण तेव्हा गावात खोली मिळणे कठीण असते.

कागदपत्रे : सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी दोनच ओळखपत्रे चालतात : निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, वाहन परवाना यांच्यावर प्रवेश मिळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा मूळ जन्मदाखला लागतो, आणि दाखला इंग्रजीत हवा. आपल्या महापालिकांचे दाखले बहुधा मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात. जुने ग्रामपंचायतीचे दाखले मात्र नुसते मराठीत असतात. असा दाखला असेल तर नवा काढायला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या तीन महिने आधी तो कपाटातून काढून बघा.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्याकडे घरोघरी असते. बाईंच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव, विमानाच्या तिकिटावर सासरचे आणि मुलाच्या दाखल्यावर आईचे तिसरेच. शिवाय मधले नाव कुठे आहे, कुठे नाही. तिकीट काढताना ज्या ओळखपत्रावर प्रवेश घ्यायचा, त्यावरचेच नाव अक्षरशः उतरवा. आईचे नाव दाखल्याशी जुळत नसेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा. मतदार ओळखपत्राचे मूळ कार्डच न्या, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नका.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ओळखपत्राची स्वच्छ प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, हॉटेलांची नोंदणी आणि दिवसवार कार्यक्रम तयार ठेवा. ओळखपत्राच्या चारही कडा प्रतीत दिसल्या पाहिजेत. कोपरा कापलेला किंवा लॅमिनेशनवर उजेड चमकलेला फोटो हे अर्ज परत येण्याचे अगदी साधे कारण. कार्यक्रमात पुनाखा आणि पारोजवळची चेले ला खिंड ही नावेही लिहा. थिंफूहून पुनाखाकडे जाताना होंग्त्शोला तपासणी नाका आहे आणि तिथे परवाना पाहतात. पारो-थिंफूबाहेर परवानाधारक मार्गदर्शक घेऊन जाणेच योग्य. त्याबद्दलचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज भरताना पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचून घ्या.

परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हिशेब निराळा आहे. मुलगा-सून अमेरिकेचे नागरिक असतील तर ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा) इथे उपयोग नाही. त्यांना व्हिसा काढावा लागतो आणि पुढे सांगितलेले शुल्क डॉलरमध्ये, कितीतरी जास्त दराने भरावे लागते. आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर जायचे ठरवले असेल, तर हे आधीच लक्षात घ्या.

शाश्वत विकास शुल्क

सप्टेंबर २०२२ पासून भारतीय प्रौढाला दर रात्रीमागे भूतान सरकारचे १,२०० रुपये शुल्क आहे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या पण बारा न झालेल्या मुलांना निम्मे, म्हणजे ६०० रुपये. सहा वर्षांखाली काही नाही. हे शुल्क हॉटेल, गाडी, प्रवेश तिकिटे या सगळ्यांहून वेगळे आहे.

आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा सहा रात्री राहणार असतील तर आई-बाबांचे १४,४००, मुलीचे ३,६०० आणि मुलाचे शून्य, असे एकूण १८,००० रुपये होतात. आजी-आजोबा बरोबर आले की आणखी १४,४०० वाढतात. बारावा वाढदिवस जवळ आलेला असेल तर तारखा ठरवताना तेवढे बघा.

एजंटकडून दर मागवताना या शुल्काचा समावेश आहे की नाही हा पहिला प्रश्न. मग विचारा : झोंग (मठ आणि सरकारी कचेऱ्या एकत्र असलेले किल्ले) आणि मठांची प्रवेश तिकिटे कोण भरणार? चालक आणि मार्गदर्शकाचे जेवण-राहणे धरले आहे का? रात्रीचे जेवण आहे का? खोलीत हीटर आहे की त्याचे वेगळे पैसे आहेत? हॉटेलचे नाव लिहून देणार की ‘त्या दर्जाचे’ एवढेच? दोन एजंटांच्या दरांत दिसणारा मोठा फरक बहुतेक वेळा याच प्रश्नांच्या उत्तरांत सापडतो.

विमान की रस्ता

रस्त्याने जायचे तर मुंबईहून बागडोगऱ्यापर्यंत विमान, तिथून सीमेवरच्या जयगावपर्यंत चहाच्या मळ्यांतून सुमारे दीडशे किलोमीटर म्हणजे चार तास, कमान ओलांडून फुन्शोलिंगला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पाच तास चढण. रेल्वेने येणाऱ्यांना हासीमारा हे जवळचे स्थानक. पैसे वाचतात, पण येताना-जाताना मिळून जवळजवळ चार दिवस प्रवासात जातात. शिवाय फुन्शोलिंग तीनेकशे मीटरवर आहे आणि थिंफू २,३०० मीटरच्या वर. एवढी उंची वळणावळणांनी पाच तासांत चढायची, वाटेत गेदूच्या आसपास दाट धुके. गाडी लागणारी मुले इथे हमखास आडवी होतात.

पारोला विमानाने जाणे महाग आहे, पण आठवड्याच्या सुट्टीत ते पैसे सार्थकी लागतात. दिल्ली, कोलकाता आणि बागडोगरा इथून ड्रुक एअर आणि भूतान एअरलाइन्सची विमाने जातात, मात्र रोज आणि सगळीकडून नाहीत. दोन्ही बाजूंचे विमान परवडत नसेल तर जाताना विमान आणि येताना रस्ता घ्या. सहलीच्या सुरुवातीला मुले थकली तर पुढचे तीन दिवस बिघडतात. शेवटी थकली तर घरी येऊन झोपतात. रस्त्याने बाहेर पडताना परवान्यावर बाहेर पडल्याची नोंद करून घ्यायला विसरू नका. ती राहिली तर पुढच्या वेळी अडचण येते.

पारोची धावपट्टी डोंगरांच्या खोबणीत आहे. वैमानिकाला ती डोळ्यांनी दिसल्याशिवाय विमान उतरवता येत नाही, म्हणून उड्डाणे फक्त दिवसाउजेडी होतात. त्यातही सकाळची जास्त, कारण दुपारी खोऱ्यात वारा सुटतो. ढग आले की विमान थांबते. यातून दोन नियम निघतात. पहिला : मुंबई किंवा पुण्याहून आदल्या दिवशीच कोलकाता अथवा दिल्लीला पोचून मुक्काम करा. दोन वेगळी तिकिटे असली की सामान पुन्हा घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसरे तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरा : परतीच्या दिवशी पारोहून उतरल्यावर घरच्या विमानापर्यंत निदान सहा तास ठेवा. रात्रीचा मुक्काम ठेवलात तर आणखी चांगले.

देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोचीच मुभा असते. बॅगा त्या हिशेबाने भरा. दिल्लीहून जाताना डावीकडच्या खिडक्या मागून घ्या. हिमालयाची रांग, आणि आकाश मोकळे असेल तर एव्हरेस्टही, त्याच बाजूला दिसते.

सहा रात्रींची मांडणी

थिंफूला दोन, पुनाखाला एक, पारोला तीन. क्रम हाच ठेवा, कारण तो उंचीच्या हिशेबाने लावलेला आहे.

तुलना म्हणून : कळसूबाई १,६४६ मीटर. पारोच्या विमानतळावर पाऊल ठेवता तेव्हाच तुम्ही तिच्याहून सुमारे सहाशे मीटर वर असता. तिथे श्वास जरा वेगाने चालतो, जिना चढताना धाप लागते, मुले पहिल्या रात्री नीट जेवत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवशी काही चढायचे नाही. पारोहून थिंफू पन्नास किलोमीटर आहे. सव्वा तासात पोचा, दुपारी आराम करा आणि संध्याकाळी फक्त बुद्ध दोर्देन्मा पाहा. सुमारे ५१ मीटर उंचीची ही बसलेली मूर्ती अख्ख्या खोऱ्यावर नजर ठेवून आहे. समोर मोठे मोकळे अंगण आहे, मुलांना पळायला जागा मिळते.

दुसरा दिवस थिंफूत. मोतिथांगला टाकिन नावाचा भूतानचा राष्ट्रीय प्राणी बघा. तोंड बकरीचे आणि धड गायीचे वाटावे असा तो दिसतो, आणि मुलांच्या आठवणीत मठांपेक्षा तोच जास्त राहतो. लोकजीवन संग्रहालय जुन्या मातीच्या घरात आहे, तासाभरात बघून होते. सिग्नल नसलेल्या चौकात हातवारे करणारा पोलीस बघायला मुले थांबतील, थांबू द्या. ताशिछो झोंग कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावरच पर्यटकांना खुला होतो. सकाळी जाऊन परत फिरू नका.

तिसऱ्या दिवशी लवकर निघा. पाऊण तासात दोचुला खिंड येते, उंची सुमारे ३,१०० मीटर. इथे १०८ चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, आहेत आणि स्वच्छ सकाळी समोर हिमशिखरांची रांग उभी असते. तिच्यातले गांगखर पुएन्सुम (७,५७० मीटर) हे जगातले न चढलेले सर्वांत उंच शिखर मानतात, कारण भूतानने २००३ पासून गिर्यारोहणच बंद केले आहे. अर्धा तास थांबा, मुलांना टोपी-मोजे घाला आणि खाली उतरा. पुनाखा १,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपेक्षाही खाली. हवा ऊबदार, शेतात भात, अंगणात केळी. दोन दिवस उंचावर काढलेल्या शरीराला ही रात्र विसावा देते. १६३७ च्या सुमारास भूतान एकसंध करणाऱ्या झाबद्रुंग नगावांग नामग्याल यांनी फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर बांधलेला झोंग इथे आहे. देशातला सर्वांत देखणा झोंग हाच, असे ठामपणे सांगता येते. तासदीड तास द्या. तिथून चालत जाऊन नदीवरचा लांब झुलता पूल ओलांडा. पूल वाऱ्याने हलतो, लहानग्याचा हात धरा.

चौथ्या दिवशी सकाळी मो छूवर शांत पाण्यातले राफ्टिंग करता येते. वयाची अट चालकालाच विचारा. मग पारोकडे चार तास. हा सहलीतला सर्वांत लांब प्रवास, म्हणून त्या दिवशी दुसरे काही ठेवू नका.

तक्तसांग : कुटुंबाने कसे चढायचे

कड्याला चिकटलेला हा मठ ३,१२० मीटरवर आहे आणि वाट सुमारे २,६०० मीटरवरून सुरू होते. पाचशे मीटरची चढण म्हणजे सिंहगड पायी चढण्यासारखेच, फक्त हवा विरळ. म्हणून सराव आणि चाचणी घरीच करा. निघण्याआधीच्या महिन्यात दोन रविवार आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा. जे मूल कडेवर न घेता वर पोचते, ते तक्तसांगही चढेल. जे अर्ध्यात बसते, त्याच्यासाठी अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जायचे असे आधीच ठरवा. तिथून मठ समोर अगदी स्पष्ट दिसतो, म्हणजे ही काही अर्धवट सहल ठरत नाही.

पारोत आल्याच्या दुसऱ्या सकाळी, सातच्या सुमारास वाटेला लागा. तिकीट खालीच काढायचे, वर मिळत नाही. खाली काठ्या भाड्याने मिळतात, गुडघे दुखणाऱ्यांनी उतरण्यासाठी तरी घ्याव्यात. घोडे फक्त कॅफेटेरियापर्यंत आणि फक्त चढताना, उतरताना घोडा नाही. आजोबांना घोड्यावर बसवून वर पाठवायचे तर ते पायी उतरू शकतील का, याचा विचार आधी करा.

कॅफेटेरियापर्यंत मुलांबरोबर दीड ते दोन तास. तिथे चहा घ्या, जड खाऊ नका. पुढे तासभर, आणि शेवटी खरी परीक्षा : मठाच्या समोर आल्यावर सातशेहून जास्त पायऱ्या आधी उतरायच्या आणि मग चढायच्या. समोर दिसतो म्हणून लोक इथे घाई करतात आणि धापा टाकत बसतात. परत येतानाही त्याच पायऱ्या चढायच्या आहेत, तेवढा जोर शिल्लक ठेवा. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या दारात लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. दुपारी जेवणाच्या वेळेत मठ तासभर बंद असतो, त्याआधी आत जाऊन या. परत येऊन कॅफेटेरियात शाकाहारी जेवण मिळते. सगळे मिळून सहा ते सात तास धरा.

प्रत्येकी लिटरभर पाणी, राजगिऱ्याच्या वड्या किंवा लाडू, वाऱ्यासाठी जाकीट, पकड असलेले बूट. पाऊस पडून गेलेला असेल तर वाट निसरडी होते. तेव्हा जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जा. पारोला तिसरी रात्र त्यासाठीच ठेवली आहे.

पाऊस आला नाही तर सहावा दिवस मोकळा मिळतो. क्यिचू ल्हाखांग हे जुने मंदिर आणि बाजार पुरे, किंवा चेले ला. ही खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर आहे, पारोहून दीड ते दोन तास. वर पोचल्यावर अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त थांबू नका. मुलांना पळापळ करू देऊ नका. डोके ठणकू लागले, मळमळले किंवा मूल एकाएकी मलूल झाले तर एकच उपाय : लगेच खाली उतरणे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि दोन वर्षांखालच्या बाळांनी चेले ला सोडून द्यावे. उंचीवरच्या गोळ्या घ्यायच्या की नाहीत हे घरच्या डॉक्टरांना विचारा, कोणा सहप्रवाशाला नव्हे.

जेवण, पैसे, फोन

एमा दात्शी ही मिरचीची भाजी आहे. मिरची फोडणीपुरती नव्हे, मिरची हीच भाजी, वर चीज. आपल्या तिखट खाणाऱ्यांनाही ती झेपेलच असे नाही. मुलांसाठी केवा दात्शी मागवा, म्हणजे बटाटा आणि चीज, आणि मिरची घालू नका असे आधी सांगा. लाल भात, वरण, पालेभाजी बहुतेक ठिकाणी मिळते, शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. जेवण बनायला वेळ लागतो, म्हणून भूक लागण्याच्या तासभर आधी फोन करून सांगायला मार्गदर्शकाला लावा. घरून मेतकूट, चिवडा, दशम्या असे कोरडे न्या, ताजी फळे-भाज्या नेऊ नका.

भूतानचे नुलट्रम आणि रुपया समान मोलाचे आहेत आणि रुपये सर्रास चालतात. शंभराच्या नोटा जास्त ठेवा, बाजारात सुट्यांची अडचण होत नाही. भारतातले प्रीपेड सिम तिथे रोमिंगशिवाय चालत नाही. ओटीपी येत नाही, आणि मग बँकेचा व्यवहारही अडतो. विमानतळावर पर्यटकांचे सिम घ्या आणि खर्चाचे निम्मे पैसे रोख ठेवा. आपले दोन-तीन गोल पिनांचे चार्जर बहुतेक खोल्यांत बसतात. घड्याळ अर्धा तास पुढे करा, भूतानमधून सुटणाऱ्या विमानाची वेळ तिथल्या घड्याळाची असते.

झोंग आणि मठांत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार हवी, टोपी काढायची. मुलांनाही हा नियम लागू, अर्ध्या चड्डीतल्या मुलाला दारातून परत पाठवतात. बूट काढायचे असल्याने जाड मोजे घाला, फरशी बर्फासारखी गार असते. देवघरात फोटो काढायचा नाही. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, मंदिर उजव्या हाताला ठेवून.

गाडी लागणाऱ्या मुलाला पुढच्या सीटवर किंवा खिडकीशी बसवा, हातात मोबाइल देऊ नका, निघण्याआधी पोटभर नव्हे पण थोडे खायला द्या. उलटीवरचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यायचे. वळणे सुरू झाल्यावर दिलेले औषध लागू पडेपर्यंत उशीर झालेला असतो. रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११३ हे क्रमांक सगळ्या मोठ्यांच्या फोनमध्ये साठवा.

परतीच्या आदल्या संध्याकाळी खिशातले नुलट्रम मोजा. भारतात ते कोणी घेत नाही. पारोच्या बाजारात लाल भाताचा तांदूळ, याकच्या चीजचे टणक चौकोनी तुकडे किंवा हाताने विणलेला पट्टा घेऊन ते संपवा. आणि दिल्लीचे विमान असेल तर या वेळी खिडकी उजवीकडची मागा.